परदेशची वाट आणि आपले अंगण



गेल्या वर्षी बारावीच्या निरोप समारंभाचा दिवस होता. कार्यक्रम संपला, खुर्च्या आवरून झाल्या आणि मी घरी निघणार इतक्यात एक विद्यार्थिनी दारापाशी येऊन उभी राहिली. अभ्यासात बरी, बोलण्यात संकोची अशी ही मुलगी. तिने विचारले, "सर, बालवाडीचे शिक्षण घेऊन परदेशात जायचे, तिथे काही महिने लहान मुलांना विनामोबदला शिकवायचे आणि त्यांची भाषा, चालीरीती शिकून यायचे, असे करता येते म्हणतात. मला जायचे आहे. पण अब्बा म्हणतात, लहान पोरे सांभाळायला सातासमुद्रापार कशाला? ती घरात काय कमी आहेत? तुम्ही अब्बांशी बोलाल का?"

मी तिला म्हटले, "बेटा, मला थोडे दिवस दे." कारण खरे सांगायचे तर मलाच उत्तर ठाऊक नव्हते. मी इतिहासाचा शिक्षक. मनात अडलेला प्रश्न घेऊन जुन्या लोकांच्या चरित्रांकडे जावे, ही माझी जुनी सवय. त्या शोधात जे हाती आले ते आपणांसमोर ठेवत आहे. हा प्रश्न एका मुलीचा नाही. जळगाव-धुळ्याच्या आपल्या कितीतरी घरांतून तो आज ना उद्या विचारला जाणार आहे.

बंदी घातलेली बालवाडी

तीन-चार वर्षांच्या मुलाला शिकवायचे म्हणजे काय करायचे, याचा नीट विचार करणाऱ्यांत जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेल यांचे नाव पहिल्या रांगेत येते. १८३७ मध्ये ब्लँकेनबर्ग या गावी त्यांनी लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे 'मुलांची बाग' असे नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोळा, ठोकळा आणि नळकांडे अशा वस्तू ते मुलांच्या हातात देत. मूल वस्तू फिरवील, रचील, मोडील आणि त्यातून आकार, संख्या व क्रम ओळखील, ही त्यांची कल्पना. अक्षरे नंतर, हात आणि डोळे आधी.

वाचकहो, अशा निरुपद्रवी बागेलाही सरकार भ्यायले. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी १८६० मध्ये उठली, परंतु तोपर्यंत हे बी समुद्रापलीकडे पोहोचले होते. जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेल्या मार्गारेट शुर्त्झ यांनी १८५६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाऊन येथे आपल्या घरात जर्मन भाषेतून पहिली बालवाडी सुरू केली. १८६० मध्ये एलिझाबेथ पीबडी यांनी बोस्टनमध्ये इंग्रजी बालवाडी काढली. लहान मुलांचे शिक्षण हे आरंभापासूनच असे माणसांबरोबर देशोदेशी फिरले आहे.

रमाबाईंची शिदोरी

हेच बी आपल्या महाराष्ट्रात आणले एका मराठी विधवा स्त्रीने. पंडिता रमाबाईंचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते, पण बालशिक्षणाशी त्यांचा संबंध फारसा कोणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. पदरी एक लहान मुलगी. अशा स्थितीत पुण्याला येऊन त्यांनी 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ मध्ये इंग्लंड गाठले. त्या वेळी त्यांची मुलगी मनोरमा अवघी दोन वर्षांची होती.

इंग्लंडमध्ये त्या केवळ शिकायला बसल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात एकीकडे त्या स्वतः शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवीत होत्या. म्हणजे त्या रिकाम्या हाताने गेल्या नव्हत्या. आपल्या घरची विद्या त्यांनी शिदोरी म्हणून बरोबर नेली होती. घेणे आणि देणे दोन्ही चालू राहिले, म्हणूनच त्यांना मानाने वागविले गेले.

१८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तिथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. कारण तिथल्या बालवाड्या पाहून त्यांनी फ्रोबेलच्या पद्धतीचे शिक्षण घ्यायचे ठरविले. व्याख्याने देत त्या गावोगाव फिरल्या. १८८७ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या नियोजित शाळेला दहा वर्षे मदत करण्यासाठी बोस्टनमध्ये एक मंडळ स्थापन झाले. मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तके तयार करण्याच्या कामालाही त्यांनी तिथेच हात घातला.

१८८९ च्या आरंभी त्या जपानमार्गे मुंबईला परतल्या आणि ११ मार्च रोजी त्यांनी 'शारदा सदन' उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. विधवा आणि निराधार मुलींच्या या शाळेत बालवाडीची पद्धतही शिकविली जाई. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. पुढे त्या धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या कर्व्यांच्या घरात शारदा सदनची ही विद्यार्थिनी होती, हे विसरता येणार नाही.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १८९३ मध्ये शारदा सदनात धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादंग झाले आणि बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. परदेश, परकी माणसे आणि लेकरांचा धर्म या तीन गोष्टी एकत्र आल्या की आईबापांच्या काळजात धस्स होते. आपल्या विद्यार्थिनीच्या अब्बांच्या नकारामागे हीच भीती असू शकते. त्या भीतीला मी हसत नाही. पण याच प्रश्नाचे दुसरे उदाहरण आपल्याच घरातले आहे, तेही पाहू या.

जामियाच्या आपाजान

१९२० मध्ये अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली आणि १९२५ मध्ये ती दिल्लीला हलली. पैशाची इतकी चणचण की १९२८ मध्ये तिथल्या शिक्षकांनी दरमहा दीडशे रुपयांपेक्षा अधिक वेतन न घेता वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली. या मंडळींचे नेते डॉ. झाकिर हुसेन, म्हणजे पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झालेले तेच थोर शिक्षक.

झाकिर हुसेन बर्लिनला शिकत असताना त्यांची व त्यांच्या मित्रांची गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन बाईंशी ओळख झाली. बाई सुखवस्तू ज्यू कुटुंबातल्या, गाणे शिकलेल्या, बर्लिनमधील गरीब मुलांच्या कामाचा अनुभव असलेल्या. जामियाची हकीकत ऐकून त्यांच्या मनाने घेतले की आपण तिथे काम करायचे. १९३२ च्या अखेरीस त्या हिंदुस्थानात आल्या आणि १९३३ पासून जामियाच्या लहान मुलांत रमून गेल्या.

वाचकहो, जरा डोळ्यांसमोर आणा. दिल्लीतील एका गरीब मुस्लिम संस्थेत एक ज्यू बाई लहानग्यांच्या शाळेत आणि वसतिगृहात काम करीत आहे. ती उर्दू शिकते. मुलांच्या खाण्यापिण्याकडे, स्वच्छतेकडे, वाढदिवसाकडे लक्ष देते. संस्थेच्या 'पयामे तालीम' या मासिकाच्या कामात मदत करते. पडद्यातील घरांमध्ये जाऊन आयाबहिणींशी बोलते. मुले तिला 'आपाजान' म्हणू लागतात. कोणाचा धर्म बदलायला ती आली नव्हती. मुलांना तिची माया मिळाली आणि तिला मुलांची.

जामियात लहान मुलाला केवढा मान होता याचे एक उदाहरण सांगतो. १ मार्च १९३५ रोजी ओखला येथे जामियाच्या नव्या इमारतीचा पायाचा दगड बसवायचा होता. अशा वेळी राजा, नवाब किंवा मोठा पुढारी बोलावण्याची रीत. जामियाने तो दगड संस्थेतील सर्वांत लहान विद्यार्थी अब्दुल अझीझ याच्या हस्ते बसविला. आपल्या संस्थांच्या कोनशिलांवरील नावे आठवून पाहा, म्हणजे या कृतीचे मोल कळेल.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. हिटलरच्या राज्यात ज्यूंना जगणे अशक्य झाले होते, तरी इंग्रज सरकारने जर्मन नागरिक म्हणून आपाजानना काही काळ कैदेत ठेवले. सुटल्यावर त्या पुन्हा जामियात आल्या. प्रकृती ढासळली होती. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जामियाच्या कब्रस्तानातच त्यांना दफन करण्यात आले. जामियातील लहान मुलांच्या पाळणाघराला आज त्यांचे नाव आहे.

त्याच युद्धकाळात डॉ. मारिया माँटेसरी याही भारतातच होत्या. १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत 'बालगृह' काढणाऱ्या या इटालियन विदुषी १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षणवर्गासाठी मद्रासजवळ अड्यारला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर त्यांच्यावर बंधने आली आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना स्थानबद्ध केले गेले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, मारिओंची सुटका झाली. थोड्या दिवसांसाठी आलेल्या माँटेसरीबाई १९४६ पर्यंत येथे अडकल्या, पण त्या अडकण्यातून भारतातील शेकडो शिक्षक तयार झाले.

समुद्र न ओलांडता

आता थोडे आपल्या अंगणाकडे येऊ. ताराबाई मोडक यांनी राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातील नोकरी सोडली आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी तिथे १९२० मध्ये बालमंदिर काढले होते. मराठी बाई गुजराती मुलांत राहून शिकली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार निघाले. माँटेसरीची पद्धत आता शहरातील सुखवस्तू घरांपर्यंत आली होती. पण साहित्य महाग. पितळी-लाकडी सुबक वस्तू खेड्यातील शाळेने कोठून आणाव्यात?

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. हे गाव तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. त्यांना तिथे साथ मिळाली अनुताई वाघ यांची. लहानपणीच लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्यात शिक्षिका होत्या. या दोघींनी महागड्या वस्तूंच्या जागी शिंपले, गोटे, पाने, बिया आणि माती वापरली. मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्या शाळा घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम करताना, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, त्यांत मेळघाटातील धारणी होते. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीमागे बोर्डी-कोसबाडच्या या दोन बायांची पुण्याई आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

मास्तरांचे स्वतःचे पोर

इतिहास सांगणाऱ्याने स्वतःची चूकही सांगावी. माझा थोरला मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला एका नामांकित नर्सरीत घातले. चार महिन्यांत तो पाहुण्यांपुढे ए पासून झेडपर्यंत म्हणू लागला आणि बी. एड. झालेल्या बापाची छाती फुगली. पण रोज संध्याकाळी दोन पाने लिहून न्यायची असत. बोटांत पेन्सिल धरवत नसे. हळूहळू सोमवार आला की त्याला ताप येऊ लागला. एकदा दप्तर सापडेना. शेवटी ते गव्हाच्या कोठीमागे मिळाले. त्यानेच लपविले होते.

माझ्या अम्मीने त्याला शाळेतून काढायला लावले. ती कधी शाळेत गेली नाही. ती सकाळी तांदूळ निवडायला बसे, तेव्हा त्याला शेजारी घेई आणि तूर, मूग, मसूर एकत्र करून वेगवेगळ्या वाट्यांत निवडायला देई. मोठी वाटी, मधली वाटी, छोटी वाटी एकात एक बसवायला लावी. मी दारातून पाहत होतो. फ्रोबेल आणि माँटेसरी यांच्यावर परीक्षेत पानेच्या पाने लिहून मी गुण मिळविले होते, आणि त्यांचे काम माझ्या घरात चालू होते हे मला ओळखता आले नव्हते! पुढच्याच वर्षी तो आनंदाने शाळेत जाऊ लागला. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. पालकहो, तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देण्याची घाई करू नका, एवढे माझ्या अनुभवावरून सांगतो.

अब्बांना काय सांगितले?

काही दिवसांनी मी त्या मुलीच्या घरी गेलो. चहा झाला. अब्बा म्हणाले, "सर, आमच्या पोरीच्या डोक्यात तुम्हीच हे भरले असणार." मी म्हणालो, "नाही भाईसाहब, पण आता भरायचे म्हणतो." मग वर सांगितलेल्या साऱ्या हकीकती त्यांना सांगितल्या आणि शेवटी मुलीला तीन गोष्टी म्हणालो.

पहिली गोष्ट, शिदोरी घेऊन जा. आपल्या खानदेशचे मूल घरात उर्दू ऐकते, गल्लीत अहिराणी ऐकते आणि बाजारात मराठी. शिरपूर, चोपडा, यावलकडे सातपुड्याच्या पाड्यांवर गेलीस तर पावरी नि भिलीही कानी पडेल. या साऱ्या मुलांत काम करायला आधी शीक. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, हे त्यांचे आंतरभारतीचे स्वप्न याच मातीतल्या माणसाचे आहे. पाड्यावरच्या मुलाची बोली ज्याला शिकावीशी वाटत नाही, तो परदेशी मुलाची काय शिकणार?

दुसरी गोष्ट, थांबायची तयारी ठेव. दोन-तीन आठवडे परदेशात सेवा करा, असे सांगून पैसे घेणाऱ्या संस्था आज पुष्कळ निघाल्या आहेत. लहान मूल माणसाला जीव लावते. त्याला जीव लावून पंधरा दिवसांत निघून जाणे ही सेवा नव्हे. आपाजान दहा वर्षे राहिल्या. तुला दहा वर्षे नकोत, पण एक पूर्ण शालेय वर्ष तरी हवे. संस्था कोणती, व्हिसा कशाचा, राहण्याची जबाबदारी कोणाची, पैसे कोण देणार, हे सारे लेखी असल्याशिवाय आणि अब्बांनी वाचल्याशिवाय पाऊल उचलू नकोस.

तिसरी गोष्ट, आणलेले बी येथे पेर. रमाबाई परतल्या म्हणून शारदा सदन झाले. ताराबाईंनी परकी पद्धत शिंपल्यागोट्यांत उतरविली म्हणून ती खेड्यात टिकली.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, एक विचारू? माझी पोरगी शिकून, जग पाहून परत आली, तर तिला मुले गोळा करायला या मोहल्ल्यात एक खोली तरी कोण देणार आहे?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर माझ्या चरित्रांच्या पुस्तकांत नव्हते. ते आपल्याजवळ आहे. सध्या ती मुलगी पूर्वप्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करीत आहे आणि दुपारी आपल्याच गल्लीतील दहा-बारा मुलांना ओसरीवर घेऊन बसते. पाऊस आला की वर्ग बंद होतो. परदेशाचे पुढे पाहू, असे अब्बाच आता म्हणतात, आणि नकाराची धार गेलेली आहे.

आपल्या संस्थेच्या इमारतीत सकाळच्या वेळी तळमजल्यावरच्या खोल्या रिकाम्या असतात. त्यांतील एक खोली तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मिळावी, अशी संस्थाचालकांना माझी नम्र विनंती आहे. महागडे सामान नको. चटया, वाट्या, डाळी, शिंपले आणि जीव लावणारी एक शिक्षिका एवढे पुरे. आणि त्या खोलीचे उद्घाटन करण्याची वेळ आली, तर कोणा मोठ्या पाहुण्याला बोलावू नये. फीत आपल्या मोहल्ल्यातील सर्वांत लहान मुलाकडून कापून घ्यावी.